सत्तावन्नचा संघ मोठा की शहाऐंशीचा?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या क्लबच्या ज्येष्ठ विश्वस्त श्रीमती विनिफ्रेड लम्ब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे आणि सत्तावन्नच्या संघाचे कर्णधार सेथ टॉर्डॉफ, वेल्सहून एवढा प्रवास करून आलेल्या ओल्वेनबाई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते इड्रिस प्रॉसर, समोर बसलेल्या थॉर्नशॉकर बंधुभगिनींनो, आणि मागे बारपाशी उभं राहून ऐकत असल्याचा आव आणणाऱ्या माझ्या मित्रांनो,

माझं नाव नेव्हिल सगडेन. शहाऐंशीच्या संघाचा मी कर्णधार होतो. आजच्या निरोपाचं भाषण माझ्याकडे सोपवताना लम्बबाई म्हणाल्या, "नेव्हिल, बोलता बोलता तो वादही एकदाचा मिटवून टाक. मला कंटाळा आलाय."

कोणता वाद, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. रग्बी लीगमध्ये, म्हणजे आपल्या तेरा जणांच्या रग्बीत, थॉर्नशॉनं दोन मोठे संघ दिले, एक सत्तावन्न सालचा आणि एक शहाऐंशी सालचा. त्यांतला मोठा कोणता? या प्रश्नावरून इथे मैत्र्या तुटल्या आहेत, एक साखरपुडा लांबला आहे, आणि सेथ टॉर्डॉफ यांनी मला गेल्या दहा वर्षांत एकदाही स्वतःहून बिअर पाजलेली नाही.

तेव्हा आधी न्यायानं तुलना करू.

सत्तावन्नच्या संघातले बहुतेक जण कोळशाच्या खाणीत काम करत. शनिवारी सकाळची पाळी संपवायची, अंगावरची काजळी धुवायची आणि मैदानात उतरायचं. चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा जड. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. एखादा जायबंदी होऊन बाहेर गेला की उरलेल्या बारांनी लढायचं, म्हणून कुणी बाहेर जातच नसे. सेथ यांनी एक संपूर्ण उत्तरार्ध मोडलेल्या खांद्यानं, हात जर्सीत खोचून काढला. (सेथ सांगताहेत, खांदा नव्हता, बरगडी होती. दुरुस्ती मान्य.) आणि त्या काळी पकडींना मर्यादा नव्हती. चेंडू हातातून सुटत नाही तोवर तो तुमचाच. तुम्हाला पाडलं, तुम्ही उठलात, पुन्हा खेळ सुरू.

आमच्या काळात सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्याला द्यावा लागे. आम्ही वजनं उचलत होतो. आम्ही काय खातो यावर एक बाई लक्ष ठेवून होत्या. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिती आम्ही शाळेतल्या मुलांसारखे रांगेत बसून बघत होतो. आमचे दोन खेळाडू तर थेट न्यूझीलंडहून आले होते. आम्ही सत्तावन्नवाल्यांपेक्षा वजनदार होतो, आणि तरी त्यांच्यापेक्षा जोरात पळत होतो.

सत्तावन्नचा संघ लीगचा विजेता ठरला, पण कपच्या उपांत्य फेरीत हरला. आम्ही लीग जिंकली, पण कपची फायनल हरलो. मग तुलना करायची तरी कशी? चेंडू वेगळा, नियम वेगळे, माणसं वेगळी. दोन्हीकडे सारखं असं काहीच नव्हतं का?

होतं. एक माणूस होता. सत्तावन्नला विंगवर खेळणारा आणि शहाऐंशीला आमचा प्रशिक्षक असलेला. ते इथे बसलेत, आणि मी त्यांच्याबद्दल बोलू लागलो की नेहमी बघतात तसे बुटांकडे बघताहेत.

इड्रिस वेल्समधल्या नांतवेनचे. तिथे रग्बी म्हणजे पंधरा जणांचं रग्बी, आणि ते बिनपगारी. त्यांचे वडील एम्लिन प्रॉसर गावच्या क्लबचे अध्यक्ष होते. इड्रिसना खाणीत उतरायचं नव्हतं. थॉर्नशॉनं त्यांना खेळण्याचा पगार आणि वीटभट्टीवर नोकरी देऊ केली आणि ते इकडे आले. आपल्या खेळाचा पगार एकदा घेतला की त्या पंधरा जणांच्या खेळाची दारं जन्मभरासाठी बंद, हा तेव्हाचा नियम. खेळायचं तर नाहीच, क्लबच्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आणि नांतवेनमध्ये हा नियम पाळला जातो की नाही, हे बघणारे होते त्यांचे वडील.

थोरल्या भावाच्या लग्नाची मेजवानी क्लबच्या हॉलमध्ये होती. इड्रिस नव्या सुटात दारापर्यंत गेले. वडील बाहेर आले आणि म्हणाले, "तुला माहीत आहे मी काय म्हणणार ते. मला म्हणायला लावू नकोस." इड्रिस वळले आणि स्टेशनवर गेले. त्यानंतर बापलेकांचं बोलणं थांबलं. ओरडाआरडा नाही, भांडण नाही, फक्त बंद.

सत्तावन्नच्या मार्चमध्ये त्यांची आई गेली. शनिवारी उपांत्य सामना होता, अंत्यविधी गुरुवारी. इड्रिस एकटेच जाणार होते. सेथ यांनी त्यांना सांगितलं, "सकाळी फाटकापाशी थांब." इड्रिस फाटकापाशी आले तर बस उभी, आणि बसमध्ये काळ्या कोटांतला सगळा संघ. खाणीतली पाळी बुडवून. त्यांच्यातल्या कित्येकांनी तोपर्यंत वेल्स नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दफन झालं. नंतरचा चहा क्लबच्या हॉलमध्ये, कारण गावात दुसरा हॉलच नव्हता. दाराशी एक सद्गृहस्थ उभे होते. ते सेथना म्हणाले, "तुम्ही परगावचे पाहुणे आहात, मी बघितलं न बघितलं करीन. पण त्याला आत घेता येणार नाही."

सेथ म्हणाले, "त्याच्या आईचा चहा आहे."

"नियम मी केलेला नाही."

सेथ मागे वळून इतकंच म्हणाले, "आपण इथेच थांबतोय." आणि ती सगळी धिप्पाड माणसं मार्चच्या त्या बोचऱ्या पावसात अंगणात उभी राहिली. इड्रिस यांची धाकटी बहीण, म्हणजे या ओल्वेनबाई, तेव्हा शाळेत होत्या. त्या एकेक कप आतून आणून बाहेर देत राहिल्या. वडील खिडकीशी उभे होते. ते बाहेर आले नाहीत, पण खिडकीपासून हललेही नाहीत.

परतीच्या वाटेत डोंगरात बस बंद पडली. शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी पोचले, थकलेले, निम्मे शिंकणारे. शनिवारी हरले. का हरले, हे त्या संघातल्या कुणीही कधी वर्तमानपत्राला सांगितलं नाही.

आता शहाऐंशीकडे येतो.

फायनलच्या आठवड्यात, बुधवारी, सराव चालू असताना इड्रिस यांच्या पत्नी मेव्हिस मैदानाच्या कडेला आल्या. मेव्हिस आज हव्या होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. या क्लबमधला असा एकही जण नसेल ज्यानं त्यांच्या हातचं खाल्लेलं नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ओल्वेनचा फोन होता. यांचे वडील आता थोड्याच दिवसांचे सोबती आहेत. हे जात नाहीयेत. तुम्ही काहीतरी बोला."

आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो. मी म्हणालो, "तुम्ही आज निघा."

"शनिवारी फायनल आहे."

"माहीत आहे. आम्हीच खेळणार आहोत त्यात."

"त्यांनी मला बोलावलेलं नाही, नेव्हिल. बोलावलंय ओल्वेननं."

 तेव्हा हेमी पुढे आला. हेमी हा आमचा न्यूझीलंडचा आघाडीवीर, आठवड्याला चार वाक्यं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात माझे वडील गेले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तुमची गाडी बाहेर उभी आहे, इड्रिस. नांतवेन काही न्यूझीलंडइतकं लांब नाही."

इड्रिस मैदानातून बाहेर गेले. गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "त्यांचा डावा विंग उत्तरार्धात दमतो. खेळ तिकडे न्या."

आम्ही नेला. तो दमला नाही.

एका गुणानं आम्ही मागे होतो, शेवटची किक माझी होती, आणि ती खांबाच्या बाहेरून गेली. आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. काही जणांनी तर मला ती नंतर अनेकदा अभिनय करून दाखवली आहे.

तुम्ही पाहिलं नाही ते नांतवेनमध्ये घडलं. ते मला ओल्वेनबाईंनी सांगितलं आणि आज सांगायची परवानगीही दिली. इड्रिस पोचले तेव्हा वडिलांनी विचारलं, "सामना शनिवारी ना?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी त्यांनी टीव्ही बिछान्याच्या पायथ्याशी आणून ठेवायला लावला. तेरा जणांचा खेळ त्या घरात पहिल्यांदा लागला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तो चेंडू का देतोय? कुणी काढून घेतला नाही त्याच्याकडून."

"सहा पकडी झाल्या, बाबा."

"सहाच?"

"सहा. मग दुसऱ्याची पाळी."

"आणि हा काळा धिप्पाड गडी कोण?"

"हेमी. त्यानंच मला इकडे पाठवलं."

असे ते दोघं सामनाभर बोलत होते. तीस वर्षांत जे बोलणं झालं नव्हतं ते सगळं राहिलंच. ते फक्त खेळाचे नियम बोलत होते. शेवटी आम्ही मागे पडलो तेव्हा इड्रिस खुर्चीतून उठून उभे राहिले. वडील म्हणाले, "बस खाली. तुझी माणसं आहेत ना मैदानात?"

मंगळवारी ते गेले.

इकडे गावात बोललं जाऊ लागलं, की इड्रिस असते तर कप आला असता. खाटकाच्या दुकानात बोललं गेलं, चर्चच्या पायऱ्यांवर बोललं गेलं, आणि इथेही बोललं गेलं. एका संध्याकाळी सेथ यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "सत्तावन्नला आम्हीही हरलो होतो. का हरलो, हे कुणाला विचारायचंय?"  त्यानंतर ते बोलणं बंद झालं.

एम्लिन यांच्या अंत्यविधीला दोन्ही संघ गेले. जुन्यांपैकी जे हयात होते ते, आणि आम्ही सगळे. क्लबचा नियम अजून तोच होता. पण चहा क्लबमध्ये नव्हता. एम्लिन प्रॉसर यांनी ओल्वेनबाईंना बजावून ठेवलं होतं, "माझा चहा घरी करायचा. ज्या हॉलमध्ये माझा मुलगा येऊ शकत नाही तिथे नको." चाळीस वर्षं त्या क्लबचा अध्यक्ष राहिलेला माणूस. क्लबची सगळी समिती त्या चिंचोळ्या घरात हॅमचे सँडविच हातात धरून अवघडून उभी होती.

मी आणि सेथ स्वयंपाकघरात कप विसळत होतो. तेवढ्यात इड्रिस टॉवेल घेऊन आले आणि कप पुसू लागले. काहीतरी बोलायचं म्हणून सेथ म्हणाले, "या पोरांना आम्ही हरवलं असतं. हो ना, इड्रिस?"

इड्रिस म्हणाले, "आजच्या नियमांनी? तीस गुणांनी हरला असतात."

सेथ यांचा चेहरा मला आजही दिसतो. "आणि आमच्या नियमांनी?"

"मग या पोरांना चेंडू दिसलाच नसता."

"मग मोठा संघ कोणता?"

इड्रिस यांनी हातातला कप पुसून जागेवर ठेवला. म्हणाले, "माझ्या घरच्यांपायी दोन्ही संघ एकेक सामना हरले, सेथ. त्यांतला एक निवडायला मला सांगू नकोस."

सेथ पुन्हा कप विसळायला लागले. मग इड्रिस माझ्याकडे वळले. "बाबांनी तुला निरोप दिलाय. ती किक गेल्यावर तू गवतावर बसलास ना, तेव्हा म्हणाले, त्या पोराला सांग, मैदान ओलं होतं."

मी म्हणालो, "इड्रिस, मैदान खडखडीत कोरडं होतं. आठवडाभर पाऊस नव्हता."

"मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, तरी सांग."

लम्बबाई, वाद मिटवण्याच्या बाबतीत माझी मजल एवढीच. आता ओल्वेनबाई त्या घरात एकट्या आहेत, म्हणून इड्रिस परत चालले आहेत. गेल्या वर्षी तो जुना नियम गेला. नांतवेनच्या क्लबनं त्यांना सन्मानानं या असं कळवलंय. जायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपण सल्ला देऊ नये.

हा मान मला दिल्याबद्दल समितीचा, सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींचा, आणि आपल्या घरातलं दुःख आम्हाला सांगू देणाऱ्या ओल्वेनबाईंचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाची बरगडी मी खांद्याला जोडली असेल, एखादं नाव राहून गेलं असेल, किंवा जे मनात ठेवायचं ते ओठांवर आलं असेल, तर ते माझ्या पदरात टाका आणि पोटात घाला.

इड्रिस, तुम्ही बसूनच राहा. आता आम्ही उभे राहतो.