गुलाबाचा मान

—नाही नाही, तिथे नका बसू लोरेटा, त्या बाकावरचा हीटर बंद असतो. इकडे या. ही माझी जागा, पण बसा, आज तुम्हीच बसा. आई आहात ना शेवटी! मी कोण? मी मार्लीन, जिच्या घरी तुमचा रीस तीन हिवाळे राहिला, बास. आइस हॉकीच्या क्लबाने खेळायला लांबची पोरं आणायची म्हटल्यावर गावात कुणीतरी घर द्यायलाच हवं की. — आभार? आभार कसले, राहू द्या. प्रवास कसा झाला? लॅब्राडॉरहून सस्कॅचवान म्हणजे हाडं खिळखिळी होत असतील. काल रेडिओवर वादळाचं सांगितलं, तेव्हा म्हटलं रस्ता बंद होणार, बरं झा— म्हणजे बरं झालं असतं, तुम्ही आधीच निघाला असतात तर. असं म्हणत होते मी.

तो बघा, सात नंबर. हेल्मेटात सगळी सारखीच दिसतात म्हणा, पण मी पाठीवरून ओळखते. बघा बघा, आता डावा बूट दोनदा आपटेल बर्फावर, मगच पुढे जाईल — आपटला! काय? लहानपणापासून? असं होय. मला वाटलं, ही सवय इथेच लागली. — पिशवीत मासा आहे ना? वास येतोय. नाही हो, चांगलाच वास आहे. सकाळी विचारलं त्याला, आज पिरोग्या करू ना, बटाट्याच्या, वर कांदा परतून? तर म्हणतो, नको मार्लीन, आई कॉड आणतेय. तीन वर्षं माझ्या हातचं खाऊन! ताप आला तर उशाशी मी, खेळताना दात पडला तर बर्फावर शोधायला मी, आणि तुम्ही यायचं आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला! — रागावलात? रागवा. पोटात दुखतंय माझ्या, खोटं कशाला बोलू?

आज हंगामातला शेवटचा घरचा सामना, ठाऊक आहे ना? सामन्याआधी पोरं आपापल्या आईला हाताला धरून मैदानाच्या मधोमध नेतात, गुलाब देतात. तुम्हाला यायला जमायचं नाही, मग मी जायची. दोन्ही गुलाब वाळवून फ्रिजवर ठेवलेत, धूळसुद्धा बसू देत नाही. यंदाचा तिसरा. आणि शेवटचा — वयाची मर्यादा संपली ना त्याची, पुढच्या वर्षी क्लबात नाही तो. माझ्या त्या खोलीत कुणी दुसरंच पोर येईल. किंवा नाहीच घ्यायचं म्हणते मी कुणाला.

झालं, पुकारलं नाव. बघतोय वर. हात करतोय बघा — अहो, हलवा ना हात, तुम्हालाच करतोय! थांबा, या बुटांनी निघालात? बर्फावर अंथरलेला गालिचा आखूड आहे, मधोमध पोचत नाही, पुढे नुसता बर्फ. गेल्या वर्षी मी घसरले, रीसने धरलं म्हणून वाचले. हे घ्या, माझ्या बुटांवरचे दातेरी पट्टे. रबर आहे, ओढून चढवायचं. — का घालून आले म्हणजे? आले अशीच. बाहेर घसरतं. द्या पाय इकडे. द्या हो, लाजताय काय! हं, बसले घट्ट. जा आता, ताटकळलाय तो. आणि हे बघा, परत येताना ते फूल घेऊन माझ्या शेजारी बसू नका. मला गुलाबाने शिंका येतात.