कॅप्टन नोवाक आणि न झालेलं वसतिगृह

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कन्या वसतिगृह समितीचे प्रमुख माननीय यादवराव गांगुर्डे, मुंबईहून वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कॅप्टन एमिल नोवाक साहेब, समितीचे सभासद, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून पाळी बदलून आलेले कामगार बांधव आणि मागे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

मी शालन सावळीराम पगारे, कोंडाजी हवालदारांची नात. गेल्या वर्षी बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून हा मान मला मिळाला असावा. यादवरावांनी मघाशी बजावलं आहे, "पोरी, थोडक्यात बोल आणि गोड बोल." थोडक्यात बोलायचा प्रयत्न करते.

साहेब आपल्यात आले कसे, हे नव्या मुलांना ठाऊक नसेल. साहेब झेकोस्लोव्हाकियाचे. तिथं ते आर्किटेक्ट झाले, आणि पहिलं घर बांधून होतंय तोवर जर्मन फौजा गावात शिरल्या. साहेब ज्यू. एकोणचाळीस साली एक पेटी घेऊन ते मुंबईला उतरले. आईवडील मागून येणार होते. ते आले नाहीत. मुंबईत नोकरी लागते न लागते तोच सैन्याला इंजिनियर हवे झाले. घरं बांधायला शिकलेल्या माणसाला सरकारनं अधिकारी केलं, पूल उडवायला शिकवलं आणि ब्रह्मदेशात पाठवलं. माझे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ पुंजा तिथं साहेबांच्या हाताखाली होते.

पुढचं मी साहेबांना विचारूनच सांगते आहे. बेचाळीस साली फौज माघार घेत होती. एका नदीवरचा पूल दुपारी उडवायचा, असा हुकूम होता. पण रंगूनकडून पायी निघालेली माणसं पुलावरून येतच होती. हमाल, बायका, कडेवर पोरं. आजोबा म्हणाले, "साब, टाइम झाला." साहेब म्हणाले, "लोकांना येऊ दे." थोड्या वेळानं आजोबा पुन्हा म्हणाले, "साब, वरून हुकूम हाय." साहेब म्हणाले, "येऊ दे, कोंडाजी." दिवस मावळताना शत्रू आला. मग घाईनं पूल उडवावा लागला, आणि सुरुंगाच्या तारा जोडायला गेलेला पुंजा पुलावरच राहिला.

लढाई संपल्यावर आजोबांनी साहेबांना नाशिकला आणलं. का आणलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आईला एकट्यानं सांगायची छाती नव्हती." माझी पणजी कुसाबाई ओट्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पलीकडून किती माणसं आली?" साहेबांनी मोजली नव्हती. पणजी त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. भाकरी मात्र दर रविवारी तीच पाठवायची. साहेबांनी ती कधी परत धाडली नाही, आणि ते नाशिक सोडूनही गेले नाहीत.

देवळाली कॅम्पात भाड्याच्या खोलीत राहून साहेबांनी आपल्या वस्त्यांतली घरं बांधली. त्यांची रीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुदळ मारण्याआधी जागेवर फक्कीनं अख्खं घर आखायचं, आणि ज्या बायांना तिथं राहायचं त्यांना आत फिरवायचं. "इथं चूल? इथं न्हाणी? हात फिरतो का बघा." बाया हसायच्या, पदर सावरून रेघांच्या दारातूनच आत जायच्या. कुणी चुकून रेघ ओलांडली की साहेब म्हणायचे, "बाई, भिंतीतून आलात."

दोन वर्षांपूर्वी समितीच्या इंदिरानगरच्या जागेवर साहेबांनी मुलींचं वसतिगृह असंच आखलं. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुली बघायला आल्या होत्या. त्यांत नामपूरची लंका होती. ती एका चौकोनात जाऊन बसली आणि म्हणाली, "मी खिडकीजोडे झोपसू." दुसरी म्हणाली, "खिडकी ते आजून आभायमा शे, माय." खिडकी खरंच अजून आभाळात होती; आम्ही पोट धरून हसलो.

लंकानं त्या रेघांवर विश्वास ठेवला. दिवाळीपर्यंत वसतिगृह होईल, या भरवशावर तिनं कॉलेजात नाव घातलं आणि तेवढ्यापुरती मामाच्या एका खोलीत राहिली. मामाची माणसं त्या खोलीत आधीच मावत नव्हती. दिवाळी गेली, पाठोपाठ जून गेला. समितीच्या बैठका होत राहिल्या. मग तिचे वडील आले. म्हणाले, "रेघांच्या घरात किती दिवस राहशील?" तिला घेऊन गेले आणि त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं. मी निरोप धाडला होता. आज ती आलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात समितीनं ठरवलं की त्या जागेवर आधी दुकानं बांधावीत, वसतिगृहाचं पुढं बघू. समितीच्याही अडचणी असतील. मी लहान आहे. पण मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, तुम्ही नाही म्हणा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

साहेब म्हणाले, "शालन, मी एकदा माझ्या बुद्धीनं वागलो. काय झालं, ते तुझ्या घरात विचार. तेव्हापासून वरचे सांगतात ते मी करतो."

म्हटलं, "साहेब, समिती म्हणजे पलटण नव्हे."

"माझ्यासाठी तीच पलटण."

त्या दिवशी पूल वेळेवर उडवला असता तर पुंजा आजोबा घरी आले असते, आणि ती माणसं पलीकडेच राहिली असती. यात बरोबर काय होतं? मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलं नाही. पणजीलाही सापडलं नसावं.

आता साहेबांच्या डोळ्यांना दिसत नाही. कॅनडात त्यांची भाची आहे, तिच्याकडे ते उद्या निघतात. जायचं त्यांच्या मनात नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण भाचीनं बोलावलं, डॉक्टर म्हणाले जा, म्हणून ते जातात.

आणि कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की हा समारंभ आटोपल्यावर इंदिरानगरला दुकानांची कोनशिला साहेबांच्या हस्ते बसवली जाईल.

यादवराव, मला थांबवू नका, माझं बोलणं संपतच आलं आहे.

साहेब, मी तुमच्या कोंडाजीची नात. पुंजाच्या घरची मुलगी. आमच्या घरातून तुम्हाला आजवर कुणी हे सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. त्या शिळेला हात लावू नका. एवढा एक हुकूम मोडा. याचा दोष आम्ही कुणी तुम्हाला देणार नाही.

साहेब मान हलवत आहेत. नाही म्हणत आहेत.

बरं साहेब. कळलं मला.

साहेबांनी आपल्यासाठी जे बांधलं त्याबद्दल, आणि जे त्यांना बांधू दिलं गेलं नाही त्याबद्दलही, मी सगळ्यांच्या वतीनं त्यांचे आभार मानते. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपलीही ऋणी आहे. लहान तोंडून काही अधिकउणं गेलं असेल तर पोटात घ्यावं. गाड्या बाहेर उभ्या आहेत. सर्वांनी इंदिरानगरला यावं, अशी समितीची विनंती आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

मी येणार नाही.

जय भीम.