विटांची वाट

— नाही, चिखलासाठी नाहीत त्या विटा. सगळ्यांना मी चिखलच सांगते, पण कुलोबहून एवढ्या लांब आलात, तुमच्याशी कशाला खोटं बोलू — बसा, चहा घ्या, नान मोडा. निझोम आत झोपलाय. तर विटा मी मांडल्या, डॉक्टरबाई. ओसरीपासून जर्दाळूच्या झाडापर्यंत, तिथून फाटकापर्यंत. एकटीने. कंबर मोडून गेली. का, तर माझा मुलगा मातीवर पाय ठेवत नाही. पांज नदीकाठी पेरलेले सुरुंग सहा वर्षं काढले त्याने — गुडघ्यावर बसून हातभर जमीन, मग पुढची हातभर. आता डांबरावर चालतो, सिमेंटवर चालतो, मातीवर नाही.

गोळ्या घेतो की. मी स्वतः देते. मग फरक का पडत नाही म्हणता? मला काय विचारता, डॉक्टर तुम्ही — हो, रोज दहा पावलं मातीवर, सांगितलं होतंत. गेला ना पहिल्या दिवशी. तीन पावलं. घामाने निथळला, ओठ पांढरेफटक. मी धावत जाऊन आत आणला. दुसऱ्या दिवशीही आणला. तिसऱ्या दिवशी विटा मांडायला घेतल्या. आईने काय नुसतं बघत बसायचं? शेजारी लग्न होतं, करनाय वाजणार होत्या, त्या पुरुषभर लांब तुताऱ्या — मी जाऊन हात जोडले, वाजवू नका म्हटलं. नाही वाजवल्या बिचाऱ्यांनी.

असं बघू नका माझ्याकडे. मी आत आणते म्हणून भीती तशीच राहते, हेच ना? माहीत आहे मला. अडाणी नाही मी. पहिल्यांदा स्फोटात सापडला, तेव्हा दुशान्बेच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा ऐकलं मी. तो मातीत उभा राहून थरथरायचा आणि मी ओसरीवर, ओढणी तोंडात कोंबून. चार महिन्यांत बरा झाला. अनवाणी वाफे खणायला लागला. मी गल्लीभर पुलाव वाटला — आणि आठवड्यात पिशवी भरून दारात उभा. म्हणतो, आई, तिथलं रान अजून साफ व्हायचंय, पोरं गुरं चारतात तिथे. गेला. त्याच खेपेला त्याच्या तुकडीतला फय्योज मेला, ह्याच्या डोळ्यांदेखत. फय्योज दहा पावलं पुढे होता, म्हणून फय्योज. हा पुढे असता तर?

बरा झाला की हा जाणार, बाई. घाबरतो तोवर घरात आहे, जेवतो, डोळ्यांसमोर आहे. घाबरू दे. तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे — रात्री ओरडत उठतो ना, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी होतं, आणि तरी मनात येतं, चला, अजून इथेच आहे. हा कामावर परत येईल का, असा त्याच्या सुरुंगवाल्या कचेरीचा कागद आणलाय ना तुम्ही? लिहा त्यावर, हा बरा होणार नाही. खोटं कुठाय त्यात? मी जिवंत आहे तोवर होणारच नाही, मी होऊच देणार —

मागे काय बघता?

निझोम. कधीचा उभा आहेस?

अरे, मी आपलं असंच... डॉक्टरबाईंनी विचारलं म्हणून — निझोम, वीट खाली ठेव. ती का उपटलीस? दुसरीला हात लावू नकोस. बाळा, खाली माती आहे. ऐक ना. दुसरीही उपटलीस?

उठा, डॉक्टरबाई. नाही, मला काही विचारू नका आता. निघा तुम्ही.