एल्डन व्हिटकॉमच्या अंत्ययात्रेची ठरवाठरव

नाही, त्या खुर्चीत नका बसू मेजर, ती एल्डनची — म्हणजे ती आपली आहे हे त्याला आता आठवत नाही, पण दुसरं कुणी बसलेलं दिसलं की अस्वस्थ होतो. इथे बसा, खिडकीशी. पसरा तुमचे कागद. दरवर्षीचंच तर आहे. तुमच्या आधी ते कर्नल यायचे वॉशिंग्टनहून, त्यांना माझे दालचिनीचे रोल फार आवडायचे. माझा नवरा धडधाकट बाहेर गवत कापतोय आणि हा माणूस त्याच्या मयताची तयारी करता करता तिसरा रोल उचलतोय — पहिल्या वर्षी मी इतकी चिडले होते. मग सवय झाली. सगळ्याच माजी राष्ट्राध्यक्षांचं असं जिवंतपणी ठरवून ठेवतात, आम्हीच काही जगावेगळे नाही. घ्या ना, गरम आहे. नको? बरं. राहू द्या ताटलीत.

एल्डनला तर हा दिवस सणासारखा वाटायचा, सांगते तुम्हाला. आदल्या दिवसापासून तयारी. चर्चमध्ये कुठली गाणी म्हणायची, शवपेटीला खांदा कोण देणार, पहिल्या रांगेत कोण — आणि दरवर्षी सगळं बदलायचं. बॅरो म्हणून त्याचा एक मंत्री होता, फार जवळचा. त्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात एल्डन कसा बैठकीत डुलक्या काढायचा ते छापलं. झालं, त्या वर्षी बॅरोचा खांदा गेला. मग बॅरोला हृदयविकाराचा झटका आला, एल्डन दवाखान्यात भेटून आला, त्या वर्षी खांदा परत. आणि ज्याने ह्याला निवडणुकीत पाडलं ना, त्याला मुद्दाम पहिल्या रांगेत, अगदी कॅमेऱ्यासमोर. का तर म्हणे, तिथे त्याला दोन तास जांभई देता येणार नाही. आणि शवपेटीमागून चालवायचा तो घोडा तुमचा — रिकामं खोगीर, रिकिबीत उलटे बूट — अहो, एल्डन जन्मभर घोड्याला घाबरायचा. गव्हर्नरच्या निवडणुकीत पोस्टरसाठी बसवला होता एकदा, दोन माणसं पलीकडून एल्डनचा पाय धरून उभी होती, फोटोत दिसत नाहीत. तो कर्नलला म्हणाला, राहू द्या घोडा, त्या दिवशी मला त्याच्यावर बसायचं नाही ना, मग माझी हरकत नाही. कर्नल हसले नाहीत. तुम्ही हसलात. बरं वाटलं.

हो, हो, कामाचं बोलते. पण तुम्ही विचारलंत ना, ‘काही बदल आहे का, मॅडम’ — तर आहे. एकच आहे. घोडा राहू द्या, तोफा राहू द्या, वॉशिंग्टनला न्या, संसदेच्या घुमटाखाली ठेवा, लोकांना रांगा लावू द्या. नंतर मात्र ओमाहाला नेऊ नका. इथे आणा, प्लम क्रीकला. आमच्या चर्चच्या मागे. जूडीजवळ.

थांबा, ग्रॅहमचं नाव घेऊ नका एवढ्यात. माहीत आहे मला, सगळे अधिकार मुलाकडे आहेत. एल्डनने भानावर असताना करून दिलंय तसं, वकिलासमोर, आणि मीच म्हटलं होतं कर म्हणून — मला काय कळतं त्यातलं, ग्रॅहम शिकलेला आहे, बघेल. आता बघतोय. सिनेटला उभा राहतोय ना तो. ओमाहाला वडिलांच्या नावाचं ते ग्रंथालय, संग्रहालय, मागे नदीकाठी काळ्या दगडाची समाधी, त्यावर माझंही नाव कोरून तयार, जन्माचं साल आणि पुढे एक रेघ. गेले की मी बघते त्या रेघेकडे. तिथे लोक येणार, फुलं वाहणार, आणि ग्रॅहम पायरीवर उभा राहून बोलणार. वाईट मुलगा नाहीये तो. बापासारखाच आहे, एवढंच. बापही असाच होता.

कसा म्हणजे? धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसणाऱ्याचा मुलगा. पहिली निवडणूक — सरकारी वकिलाची — हरला, आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कोठाराच्या फाटकावर जाऊन उभा राहिला, माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे आभार मानत. ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही. पुढच्या खेपेला कोण उभं राहणार त्याच्यासमोर? मग आमदारकी, मग गव्हर्नर, मग व्हाइट हाऊस. चार वर्षं. निवडणुकीच्या वर्षात पेट्रोलवरचा कर वाढवला आणि घरी आलो. तो म्हणायचा, खरं बोललो म्हणून हरलो. मी म्हणायचे, नाही, चुकीच्या महिन्यात बोललास म्हणून हरलास. ह्यावरून आमची वर्षानुवर्षं भांडणं झाली, मेजर, आणि आता भांडायलासुद्धा कुणी नाही. परवा मी मुद्दाम काढलं, म्हटलं, तो कर चुकलाच तुझा. तर म्हणतो, ‘असेल हो, तुम्ही म्हणता तर असेल.’ अहो-जाहो करतो मला. मी मिसेस डॉयल आहे असं वाटतं त्याला — त्याच्या ऑफिसात होती ती, टायपिंगला. मेली बिचारी केव्हाच. मीही आता दुरुस्त करत नाही.

जूडी. हं. ती आमची मोठी, ग्रॅहमच्या आधीची. रक्ताचा आजार होता, तेव्हा त्याला उपाय नव्हता. एल्डन गव्हर्नरच्या प्रचारात. डॉक्टर म्हणाले आठवडाभर तरी आहे, म्हणून तो राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जत्रेला गेला, डुकरांच्या स्पर्धेची बक्षिसं वाटायला. आठवडा नव्हता. जत्रेच्या लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं, फोनवर या म्हणून, आणि लोकांना वाटलं बक्षिसासाठी पुकारतायत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते त्यानेच सांगितलं मला. एकदाच सांगितलं. पुरलं तिला, आणि त्याच आठवड्यात तो परत दौऱ्यावर, आणि जिंकला. लोक म्हणाले, किती खंबीर माणूस. मी तेव्हा त्याच्याशी बोलत नव्हते. शपथविधीला त्याच्याजवळ उभी होते, टोपी घालून, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय — त्या दिवशीही बोलत नव्हते. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे. लिहीत नाही आहात ना? नका लिहू.

तर तेव्हापासून त्याने त्या कबरीकडे पाऊलही टाकलं नाही. इथे राहतो आम्ही, चर्च इथून दिसतं, आणि कधी नाही. ओमाहाची जागा ठरली तेव्हा मी म्हटलं होतं, एल्डन, इथेच का नको? तर म्हणाला, प्लम क्रीकला कोण येतं लोरीन, लोक ओमाहाला येतील. मला वाटलं, त्याला तिच्या शेजारी झोपायची भीती वाटते, तर कशाला ताणा. आणि आता बघा. आता त्याला मी माहीत नाही, व्हाइट हाऊस माहीत नाही, स्वतःचा मुलगा समोर आला की सिनेटर म्हणून हात मिळवतो — ग्रॅहमला आवडतं ते, मला वाटतं — पण रोज दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला उठतो, कोट घालतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. जूडीला आणायला जायचंय म्हणतो. शाळेतून. एकदाही गेला नव्हता हो तो तिला आणायला. आता पहाऱ्यावरची पोरं त्याला गाडीत घालून गावातून एक चक्कर मारून आणतात, आइस्क्रीम देतात, म्हणतात ती आजीकडे गेलीय साहेब. मग शांत होतो, दुसऱ्या दिवसापर्यंत.

आणि ग्रॅहम मला काय म्हणतो? एवढंच असेल तर तिलाही ओमाहाला हलवू म्हणे. उकरून. संग्रहालयवाल्यांची तयारी आहे, वेगळा छोटा दगड बसवतील, लोकांना आवडेल. लोकांना आवडेल! मी फोन ठेवून दिला. पण फोन ठेवला म्हणून काय होतं? मी गेल्यावर हलवतील. मी असतानाही हलवतील, माझी सही लागत नाही म्हणे. मेजर, मी ह्या माणसाबरोबर राजघराण्यांच्या पंगतीला बसलेली बाई आहे, आणि मला माझ्या मुलीजवळची जागा—

अं? चाहूल लागली का? तोच आहे. उठू नका, घाबरेल. नाही, उठा, गणवेश बघितला की त्याला उभं राहिलेलं आवडतं. ये एल्डन. हे मेजर आहेत. वॉशिंग्टनहून. हो, कागद आहेत. बस ना, तुझी खुर्ची. कसले? — अंत्ययात्रेचे आहेत. एक — एक माजी राष्ट्राध्यक्ष गेले. हो ना, फार वाईट झालं. नाही, तुझ्याच पक्षाचे. काय म्हणालास? मेजर, तो विचारतोय माणूस कसा होता. कसा होता सांगू? चांगला होता, एल्डन. घरी कमी असायचा. पुरायचं कुठे तो घोळ आहे. ओमाहाला मोठी समाधी बांधलीय, आणि गावात त्याची एक लहान मुलगी आहे, पुरलेली. हो, एकटीच. — काय? मोठ्याने बोल, मेजरना ऐकू दे. — ऐकलंत? ‘मग घोळ कसला,’ म्हणतोय. ‘पोरीजवळ न्या. ओमाहात त्याचं कोण आहे?’ ऐकलंत ना तुम्ही? त्याच्या तोंडून ऐकलंत. लिहा. लिहा ना. सही करेल तो, सही अजून तश्शी येते त्याला, दाखवू का? मेजर, पेनाला टोपण का लावताय? तुमचा काय दोष, मला माहीत आहे. ग्रॅहमला विचारावं लागेल. माहीत आहे मला, नका सांगू पुन्हा.

काय रे? हो, होती बायको त्याची. आहे अजून. ‘तिला विचारलं का कुणी?’ नाही, एल्डन. कुणी विचारलं नाही. कुठे आहे ती? — मीच ती. मीच त्याची बायको. — अरे, उठू नकोस, पडशील. मेजर, जरा धरा त्याला — नको, राहू द्या, उभा राहू द्या. हात धरलाय त्याने माझा. दोन्ही हातांनी. बघा कसा वाकून बोलतोय, असाच बोलायचा तो, कुणाच्या घरी गेला की. ‘फार मोठं दुःख आहे, बाई. सगळ्या देशाच्या वतीने.’

तुम्ही निघा आता, मेजर. कागद गोळा करा आणि निघा. ओमाहाच असू द्या त्यात. मला ह्याचे आभार मानायचेत, आणि तुमच्यासमोर ते जमणार नाही.