अर्धा टाकलेला वाडगा

—नाही नाही, बस गं पोरी, उठू नकोस, मी काही भांडायला नाही आले. एवढंच सांग, अर्धा वाडगा का टाकलास? पोट भरलं? छे! विद्यापीठाच्या मागच्या दाराशी नूडल्स वाढण्यात जन्म गेला माझा, पोट भरलेलं माणूस असं घटाघटा पाणी पीत नाही. खारट होतं ना? आणि तिरफळं नुसती जीभ बधिर करणारी, वास म्हणून नाही— हळू बोल, हळू, तो बघ चुलीपाशी उभा आहे आमचा म्हातारा. शियांग आजोबा म्हणता ना तुम्ही सगळे, तोच.

त्याची चव गेलीय. —घ्या, सांगून बसले! कुणाला म्हणून बोलले नव्हते, लेकीलासुद्धा नाही. थंडीत ताप आला होता, साधाच. ताप गेला तो जाताना जीभ आणि नाक घेऊन गेला. मला कसं कळलं? अगं, मिरच्यांवर ओतायचं तेल किती तापलं ते तो वासावरनं ओळखायचा, कधी म्हणून चुकला नाही— आणि त्या दिवशी मिरच्यांचा कोळसा, अख्खी गल्ली खोकतेय, आणि हा आपला ढवळतोय शांतपणे. मी काय म्हटलं? म्हटलं, "या खेपेला मिरच्याच वाईट दिल्या मेल्या दुकानदारानं." तो हो म्हणाला. झालं, तेव्हापासून हेच— त्याच्या हातून वाडगा घ्यायचा, बाजूला व्हायचं, बोट बुडवून चाखायचं, अळणी असेल तर सोया सॉस, खारट असेल तर हाडं उकळलेलं अळणी पाणी. प्रत्येक वाडगा, दिवसभर. घरी गेलं की मलाच भाताची चव लागत नाही गं, जीभ नुसती सोलून निघालेली. आज तुमची परीक्षा संपली, एकदम झुंड आली, फुटपाथवरची स्टुलंसुद्धा पुरेनात— त्या गडबडीत तुझा वाडगा तसाच गेला.

त्याला सांगून का नाही टाकत? सोपं वाटतंय तुला. समोर ल्वो होता, मोमोवाला— त्याची चव गेली तेव्हा आमचा हाच म्हणाला होता, सगळ्यांदेखत, "जीभ गेली की आचाऱ्यानं चूल विझवावी, लोकांना फसवू नये." विझवली बिचाऱ्यानं. मग काय, दारात खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, जेवलात का, जेवलात का. पुढच्या थंडीत तोही नाही आणि खुर्चीही नाही. मला ह्याला तसं नाही बघवणार. लेक बोलावते तिच्याकडे कुनमिंगला, या म्हणते, आराम करा. आराम! ह्याच्या हातातला झारा काढला तर ह्याच्यात उरेल काय? आणि माझं म्हणशील, तर थकले मी, खरंच थकले, कधीकधी वाटतं चाखूच नये, जाऊ दे खारट तर खारट—

अगं, आला बघ. तिकडे बघू नकोस. पोट भरलं म्हण, प्रेमभंग झालाय म्हण, काहीही म्हण— अहो, काही नाही, पोरीचं पोट भरलं! तुम्ही का आलात बाहेर, चुलीवर पाणी उतू जाईल. ठेवा तो वाडगा, उष्टा आहे— अहो, उष्टं काय खाताय!

काय? मीठ जास्त झालंय?

तुम्हाला कसं कळलं?

माझ्या तोंडावरनं? आत्ता घास घेताना माझं तोंड बघून? म्हणजे मी चाखते तेव्हाही तुम्ही माझ्याकडे— रोज? मिरच्या जळल्या त्या दिवसापासनं?

अहो...

पोरी, ऊठ तू आता. ऊठ म्हटलं ना. त्यांना बसू दे.