दिवाणावर बसायचं नसतं

नाही, पण मला आधी एवढं सांगा, दिवाण म्हणजे नेमकं काय? माणूस? लाकूड? कोर्ट? की मागच्या जन्मीचं काहीतरी, जे आडनाव होऊन माझ्या मागे लागलंय? बी.ए. झाले हो मी! तर्कशास्त्रात पहिली आले! आणि माझ्याच आडनावाचा अर्थ कुणी विचारला की अशी गोंधळते... जाऊ द्या. ती सतरंजी ओढून घ्या, टेका. मागे ते काय ठेवलंय ते आत्ता विचारू नका, त्याच्यावरच येतेय.

तर आमचं घर अमरावतीला. घर म्हणजे काय, तीन खोल्या आणि वर टिनं. त्यातली पुढची खोली अर्धी व्यापून एक सागवानी बैठक. चार माणसं सहज झोपतील एवढी रुंद, पायांवर सिंह कोरलेत, म्हणजे कोरणाऱ्याच्या मते सिंह, मला तर लहानपणापासून ती ओरडा खाल्लेली मांजरंच वाटतात. हिचं नाव दिवाण. माझे पणजोबा भगवंतराव, तेही दिवाण, मेळघाटात सेमाडोहच्या पलीकडे कुठल्याशा राजाचे. म्हणून आमचं आडनाव दिवाण. आणि ह्या लाकडी दिवाणावर कोणी बसायचं नाही! खुर्ची नाही, पाट नाही, जन्मभर आम्ही सगळे खाली सतरंजीवर, आणि वर ते लाकूड एकटं, रिकामं, ऐसपैस! नवखा पाहुणा यायचा, मोकळी जागा बघून बिचारा टेकायला जायचा, की आतून माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शेषरावतात्या, ओरडत यायचे, "हां हां हां! उठा! तो दिवाण आहे!" पाहुणा असा दचकून उडायचा, जणू कोणा म्हाताऱ्याच्या मांडीवरच बसला होता.

तात्या काय करतात म्हणाल, तर तात्या दिवाणांचे नातू आहेत. एवढंच करतात. पूर्णवेळ.

बरं, असू दे, ज्याचं त्याचं लाकूड. पण श्रावणात माझी नेमणूक झाली, इथे अकोल्याला, मुलींच्या शाळेत, इंग्रजी आणि इतिहास शिकवायला! दसऱ्याची सुट्टी संपली की हजर व्हायचं. मला तर काय करू नि काय नको असं झालं. बाबा म्हणाले, "माझी काही हरकत नाही, दादांना विचार." बाबा वकील आहेत, त्यांची कधीच हरकत नसते, ते फक्त पुढची तारीख देतात. मग तात्यांना विचारलं. तात्या एरवी बोलतात पुस्तकासारखं, पण रागावले की थेट वऱ्हाडीवर येतात. "काहून वं शैले? दिवाणाच्या घरची पोरगी चाकरी करन? लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, तात्या, पणजोबा राजाकडे काय करत होते? चाकरीच ना?

"ते चाकरी नोहोती! ते दिवाण होते!"

मग दिवाण म्हणजे नेमकं काय?

इथूनच सगळं बिघडलं बघा. इतकं सरळ विचारलेलं, उत्तर मिळेल की नाही सरळ? तात्या म्हणाले, दिवाण म्हणजे राजाचा उजवा हात. बाबांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "दिवाणी म्हणजे कसं, शैला, मारामारी नाही, खून नाही. जमीन, भिंत, वाटणी. आजोबानं दावा लावायचा आणि नातवानं निकाल ऐकायचा, ते दिवाणी." अहो, पण मी माणसाचं विचारतेय! म्हणून गेले कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांकडे. फार गोड माणूस. डोळे मिटून म्हणाले, "बेटी, दीवान पहले तो दफ़्तर था, काग़ज़ों का." म्हणजे कागद! मग त्या कागदांची कचेरी, तीही दिवाण. मग कचेरीत बसणारा माणूस दिवाण. मग त्या माणसाच्या बुडाखालची गादी दिवाण. आणि त्या गादीवर लोळून कोणी गझला लिहिल्या, तर त्या पुस्तकालाही दिवाणच म्हणायचं! हा शब्द आहे की बदलीवरचा तहसीलदार? आज इथे, उद्या तिथे, आणि जाईल तिथे सलाम!

घरी येते तर दारात किसनराव. वलगावचे, त्यांच्या मळ्यातली भाजी आमच्याकडे येते. सहज म्हटलं, किसनराव, दिवाण म्हणजे कोण हो? ते म्हणाले, "दिवानजी ना? अडत्याच्या गादीवरचा मानूस. काट्याकडे पाह्यते, मंग आपल्याकडे पाह्यते, मंग हासते. तो हासला का समजाचं, आपला माल कमी भरला." आतून तात्या कडाडले, "किसनराव! अडत्याचा दिवाणजी वेगळा!" किसनराव बिचकले, टोपली मागे सरकवली. कारण टोपलीत मेथीखाली वांगी होती.

हां, हे वांग्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या त्या दिवाणावर वर्षातून एकदाच माणूस बसतो. दसऱ्याला. घरातला सगळ्यात मोठा, म्हणजे तात्या, डोक्यावर पणजोबांची पगडी घालून बसणार, सगळ्यांनी आधी लाकडाला सोनं द्यायचं, मग तात्यांना, आणि मग तात्या वर्षाचे शब्द देणार. कोणाचं लग्न, कोणाचं शिक्षण, विहीर उपसायची की नाही. आणि दिवाणावरून दिलेला शब्द फिरत नाही. कधीच नाही! तर मी मॅट्रिकला होते त्या दसऱ्याला काकूच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, हातून भरीत करपलं होतं आणि तात्या दिवाणावर बसून तावातावानं म्हणाले, "आजपासून ह्या घरात वांगं शिजणार नाही!" झालं. बंद. वऱ्हाडातलं घर, हिवाळ्याचे दिवस, गल्लीभर तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास, आणि आम्ही दोडका खातोय! त्यात तात्यांचा जीव भरितावर. मग काय, दर चार दिवसांनी तात्या "जरा फिरून येतो" म्हणून वलगावला जातात, आणि किसनरावांच्या मळ्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून भरीत-भाकर खाऊन येतात. अख्ख्या अमरावतीला माहीत आहे. मिशीला काळं लागलेलं असतं! पण शब्द? शब्द फिरत नाही.

आता तुम्हीच सांगा, जो माणूस स्वतःचं वांगं सोडवू शकत नाही, तो माझं अकोलं सोडवणार होता?

आला दसरा. काकू आदल्या दिवशीच कानात म्हणाली, "नाहीच म्हणणार आहेत, तू मनाची तयारी ठेव." मी ताटात सोनं आणि पगडी घेऊन उभी. सगळे उभे. आणि तात्या बसेचनात! काय, तर दिवाणाचं तोंड पूर्वेला पाहिजे की उत्तरेला. बाबा म्हणतात पूर्वेला, तात्या म्हणतात उत्तरेला. "राजाकडे तोंड पाहिजे!" "कुठला राजा, दादा?" "अरे, मेळघाट उत्तरेला नाही का?" बाबा म्हणाले, "मेळघाटात आता जंगलखातं आहे." "मंग निजामाकडे करू काय? वऱ्हाड कोनाचं हाय?" आता ह्याला उत्तर आहे का? वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभाराला इंग्रजांचं, कचेऱ्या नागपुरात! अख्खा प्रांत कोणाचा हे जिथे कोणाला सांगता येत नाही, तिथे एका बैठकीचं तोंड कुठे करावं हे ठरणार? ते दोघे हातवारे करतायत, पूर्व, उत्तर, हैद्राबाद, नागपूर, माझे पाय दुखतायत, ताट जड झालंय, डोक्यात नुसतं दिवाण दिवाण दिवाण, आणि समोर एवढी मोठी जागा रिकामी...

बसले!

हो, बसले. ताटासकट. आणि तोंडातून निघून गेलं, "शैला अकोल्याला जाणार!"

तात्यांचा हात हैद्राबादकडे गेलेला तिथेच राहिला.

"उठ वं! उठ! पगडी नोहोती डोक्यावर! हे धराचं नाही!"

मी पगडी उचलली, घातली. नाकापर्यंत आली. आतून म्हटलं, "शैला अकोल्याला जाणार."

बाबांनी घसा साफ केला. माझे बाबा, जन्मात ज्यांनी एका तारखेला काही संपवलं नाही, ते म्हणाले, "दादा, शब्द झाला. वांग्याचा फिरला का?"

तात्या म्हणाले, "हे राजगादी हाय! पोरीसोरीनं बसाचं काम नाही!" आणि तेव्हा काकू बोलली. शांतपणे, नैवेद्याचं ताट पुसत. "कसली राजगादी? आजेसासऱ्यांना वात होता. राजा बिचारा झाडाखाली घोंगडीवर बसायचा, सगळ्यांना तिथेच बसवायचा. ह्यांना खाली बसलं की उठता येईना. दर वेळी दोन माणसं लागायची उचलायला. शेवटी राजानंच सुताराला सांगून हे करून दिलं. सासूबाईंनी सांगितलंय मला."

ऐकलंत? गुडघे! ज्या लाकडाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोनं वाहिलं, ते म्हणजे पणजोबांची गुडघेदुखी! राजा खाली आणि दिवाण वर! मग दिवाण म्हणजे नेमकं काय, राजाचा उजवा हात की राजाच्या डोक्याला झालेला ताप?

तात्या पुढे आले. पगडी काढून घेतली माझ्या डोक्यावरून, आणि आत गेले. मी सोमवारी अकोल्याला आले. सीमोल्लंघन हो! ही खोली घेतली, माणिकबाईंची, त्या फुलांचा धंदा करतात, दारातच झेंडूचे ढीग, काय छान वास. एक ट्रंक, एक कंदील, एक सतरंजी. पहिल्या रात्री हातपाय पसरून झोपले. वाटलं, सुटले बाई त्या लाकडातून!

तुम्हाला सांगते, महिना नाही झाला. सकाळी माणिकबाई ओरडत आल्या, "मास्तरीनबाई! भायेर या वं! कोनी तरी बुढा बैलबंडीवर तख्त घेऊन आला!"

बाहेर येते, तर बंडीवर दिवाण. दिवाणाच्या शेजारी, बंडीच्या कडेला, अंग चोरून तात्या. दिवाणावर नाहीत हं, शेजारी! मांडीवर पगडीचं गाठोडं. अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून अकोला, आगगाडीनं आणलंय! स्टेशनावर पार्सलबाबूनं विचारलं म्हणे, काय लिहू? हे म्हणाले, "दिवाण." तो म्हणाला, "मग तिकीट काढा ना, डब्यात बसवा!"

मी म्हटलं, तात्या, हे काय?

"शेवटचा शब्द ज्यानं देल्ला तो दिवाण. दिवाण जिथी, दिवाण तिथी. रीत हाय."

दार काढावं लागलं हो! चौकटीसकट! माणिकबाईंचे दोन भाऊ, बंडीवाला, सगळे मिळून आत ढकलतायत आणि तात्या मागून, "हळू! सिंह घासला! सिंह घासला!" शेवटी बसला एकदाचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत. ट्रंक बाहेर, कंदील खिडकीत. मग तात्यांनी दार लावलं, म्हणजे चौकट टेकवली, पगडी माझ्यापुढे धरली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "घाल. बस. एक अर्जी हाय."

कसली अर्जी?

"वांग्याचं तेवढं पाह्य ना वं माय. किती दिवस लोकाच्या धुऱ्यावर बसून खाऊ? मह्या शब्दानं मी बांधलेला. पन नवा दिवाण नवा शब्द देऊ शकते."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बाबांना का नाही बसवलंत?

"तुह्या बापाले? त्यानं तारीख देल्ली असती!"

मी बसले. पगडी घातली. म्हटलं, दिवाणांच्या घरात वांगं शिजेल. तात्यांनी तिथल्या तिथे पिशवीतून काढली, भरताची वांगी, तेल लावून तयार! माणिकबाईंच्या चुलीवर भाजली. तात्या सतरंजीवर मांडी घालून असे जेवले, असे जेवले, मध्येच डोळे पुसले आणि म्हणाले मिरची लागली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं... दसऱ्याला ते पूर्व-उत्तर करत इतका वेळ उभे राहिले, बसता बसेनात, मी समोर ताट घेऊन ताटकळतेय हे बघत... ते मुद्दाम तर नव्हतं? विचारलं सरळ. तात्या म्हणाले, "मीठ कमी हाय."

आता मला सांगा, काय समजायचं? मी जिंकले की तात्यांनी मला वांग्यासाठी वापरलं? बी.ए.ला हे नव्हतं हो! आणि प्रकरण तेवढ्यावर थांबलंय का? मागच्या रविवारी काकू आली, विहिरीचं विचारायला. येत्या रविवारी बाबा येणार आहेत, भिंतीचं. स्वतः दिवाणी वकील, आणि भिंतीचं मला विचारणार! शाळेत मुलींना अकबराचा दरबार शिकवते, घरी येऊन स्वतःचा भरवते. आणि रात्री? रात्री कंदील बारीक करून, त्या मांजरासारख्या सिंहांच्या पायांशी जेवढी जमीन उरलीय तेवढ्यात, सतरंजीवर, पाय पोटाशी घेऊन झोपते. तुम्ही म्हणाल, वेडे, वर झोप ना, जागाच जागा आहे! मीही म्हणते. रोज म्हणते. काल एकदा उशी वर ठेवलीसुद्धा. मग काढून घेतली. का काढली, ते मला... मग दिवाण म्हणजे नेमकं काय, तुम्हीच...

अहो! अहो, तुम्ही कुठे टेकताय?

हां हां हां! उठा! तो दिवाण आहे!