मोठ्या बाटलीतलं पाणी

नाही नाही, ही मोठी बाटली नको, दादा — हीच तर आहे माझ्याकडे — मला साधं पाणी हवंय, इंजेक्शनची पावडर विरघळवायचं, छोट्या कुपीतलं, ज्यात दुसरं काहीच घातलेलं नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी कशाला? अहो, मी स्वतः नर्स आहे, वृद्धाश्रमात, रोज टोचते, हात बसलाय माझा. कुणासाठी म्हणजे — भाचीसाठी. ताईची. लहान आहे. म्हणजे तान्हीच.

असं काय बघताय? इस्पितळातून जंतू घेऊनच घरी आली बिचारी. उरलेली इंजेक्शनं मावशी देईल, म्हणाले सगळे — मावशीला केवढा मान! — ताई तर तिला माझ्या मांडीवर टाकून निर्धास्त अंघोळीला जाते. इंजेक्शनांच्या खोक्यात साध्या पाण्याच्या कुप्या होत्या की. मीच फेकल्या. म्हटलं, आमच्या आजोबा लोकांना वापरते ते मोठ्या बाटलीतलं, जंतू वाढू नयेत म्हणून औषध घातलेलं, ते जास्त चांगलं नाही का? जंतूंनीच तर पोरीला छळलंय. काटकसर नव्हती हो ती, काळजी होती. आणि आज बाटली पुसताना लेबल वाचलं — नवजात बाळांना देऊ नये. इतकी वर्षं हाताळतेय, पण आमच्याकडे तान्हं कोण असतं, वाचणार कशाला?

तर द्या चार कुप्या. पुढचं इंजेक्शन साध्या पाण्यातून देते, कुणाला कळायला नको, विषय संपला. — हो, दिलंय. आज सकाळीही दिलं. — तशी बरी आहे. जरा मलूल आहे. दूध ओढत नाही. श्वास — घेते की — मधेच आचके दिल्यासारखा, पण तान्ही बाळं घेतात ना तसा? घेतात म्हणा ना, दादा. तुमच्याही घरात पोरं झाली असतील.

फोन कशाला उचलताय? ताईला नका कळवू, ती मला पुन्हा कधी बाळाला हात —

नाही. बरोबर आहे तुमचं. कुप्या ठेवा आत. ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगा, मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोरचं घर. बाटली माझ्या पिशवीत आहे, डॉक्टरांना दाखवावी लागेल. पाणी नको मला, बसायलाही नको — सोडा, मला पुढे जाऊ द्या. ताईचा आत्ता कुठे डोळा लागलाय. मीच उठवते तिला, आणि सांगते.